आय-१६: लाकूड, कापड आणि थोडासा पत्रा (प्रकल्प नोंदी)

१४ जून २०२५, नाशिक

पोलिकार्पोव्ह आय-१६ या जुन्या सोव्हिएत लढाऊ विमानाचं प्लास्टिक मॉडेलचं किट, प्रकार १०, प्रमाण १/४८. स्प्रू (सुटे भाग ज्यांना जोडून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी) साबणाच्या कोमट पाण्यात धुतले, साच्याचं तेल निघून जावं म्हणून. बाहेर पाऊस असल्यामुळे पंख्याखाली वर्तमानपत्रावर पसरून ठेवलेत.

खऱ्या विमानाचा पंखविस्तार ९ मीटर, इथे १८७ मिलिमीटर. नाकापासून शेपटीपर्यंत सहा मीटरच्या जरा वर, इथे साधारण १२६. पुढे रुंद गोल इंजिन, आणि मागे धड सुरू होतं न होतं तोच संपतं. १९३३च्या अखेरीस चाचणी वैमानिक व्हालेरी च्कालोव्हने हे यंत्र पहिल्यांदा उडवलं, तेव्हा बहुतेक हवाईदलांची लढाऊ विमानं दुपंखी होती, तारांनी ताणलेली, चाकं कायम खाली. एकच पंख, तोही धडाच्या तळाशी आणि बाहेरून कसलाही टेकू नसलेला, शिवाय चाकं आत ओढून घेणारं, असं लढाऊ विमान प्रत्यक्ष सेवेत आणलं ते सोव्हिएत संघाने, आणि सगळ्यांच्या आधी.

त्यामुळे आय-१६ म्हटलं की 'आधुनिक' हा शब्द डोक्यात येतो आणि मॉडेलही तसंच बनवलं जातं. अंगभर काळ्या पॅनेल लाइन (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा), रिव्हेट (पत्रे जोडणारे खिळे), आणि कडाकडांना रंग उडून आतला चांदीचा पत्रा दिसतोय असे ओरखडे. माझी तक्रार नेमकी याच ओरखड्यांबद्दल आहे. या विमानाचं धड बर्च झाडाच्या पातळ पापुद्र्यांचं. त्याच्याशी एकसंध असलेला उभा शेपूट-पंखही लाकडी. मुख्य पंखाच्या आत पोलादी नळ्यांचे दांडे आणि ड्युरलच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या) फासळ्या, पण वरचं आवरण पुढच्या कडेला पत्र्याचं आणि मागे कापडाचं. एलेरॉन, रडर, एलेव्हेटर या विमान वळवणाऱ्या हलत्या भागांवर कापड. पत्रा म्हणजे काउलिंग (इंजिनाभोवतीचं आवरण), इंजिनामागची काढता येणारी झाकणं, पंखाची पुढची कड आणि पंख धडाला मिळतो तिथलं मोठं वळणदार आवरण. बस्स. लाकडाचा रंग खरवडला तर चांदी कुठून दिसणार?

तर या बांधणीचा नियम असा: जो भाग ज्या वस्तूचा, तो तसाच दिसला पाहिजे. आकृतीवर तीन रंगांच्या पेन्सिलींनी खुणा करून घेतल्या आणि आकृती टेबलासमोर भिंतीवर चिकटवली.

१७ जून

कॉकपिट. आत राखाडी, उपकरणांचा फलक काळा. फलकावर काचेच्या जागी ग्लॉस वार्निशचा एकेक थेंब.

वैमानिकाच्या उजव्या हाताशी एक छोटा दांडा आहे, किटमध्ये तो वेगळा भाग म्हणून दिलाय. चाकं वर घ्यायची ती या दांड्याने, हाताने फिरवून. ४४ फेरे. चाकांना बांधलेल्या तारा रिळावर गुंडाळल्या जायच्या. उड्डाण झाल्या झाल्या वैमानिक डाव्या हातात स्टिक धरून उजव्याने दांडा फिरवायचा, त्यामुळे जमीन सोडलेलं आय-१६ बराच वेळ हेलकावत जायचं. 'चाकं आत घेणारं पहिलं लढाऊ विमान' हे वाक्य वाचताना हा दांडा कुणाला आठवत नाही. दोन मिलिमीटरचा भाग आहे, पण त्याची मूठ वेगळ्या रंगात रंगवली. धड बंद झाल्यावर कुणाला दिसणार नाही, हे माहीत आहे.

सीटचे पट्टे किटमध्ये नाहीत. मास्किंग टेपच्या अरुंद पट्ट्या कापून, मळकट पिवळट रंग देऊन लावले.

२२ जून

आज धडाचे दोन भाग जोडले, आणि आजची नोंद लांबणार.

प्लास्टिकच्या किटमध्ये धड डावं-उजवं अशा दोन अर्ध्यांत येतं, ते जोडायचं, आणि मग मधली शिवण दिसू नये म्हणून पुट्टी भरायची, घासायचं, पुन्हा प्रायमर मारून बघायचं, पुन्हा घासायचं. या छंदातलं सगळ्यात कंटाळवाणं काम कुठलं म्हणाल तर हेच. आय-१६च्या बाबतीत मजा अशी की खऱ्या विमानाचं धडही दोन अर्ध्यांतच बनायचं. साच्यावर बर्चच्या पापुद्र्याच्या पट्ट्या, जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर, एकीवर एक आडव्या-तिरप्या चिकटवायच्या. जिथे ताण जास्त तिथे थर जास्त. सरस केसीनचा, म्हणजे मुळात दुधातून निघालेला. अर्धी कवचं तयार झाली की आतल्या लाकडी सांगाड्यावर ती एकमेकांना जोडायची, वरून कापड चिकटवायचं, लुकण भरायचं, घासायचं, रंगवायचं. ही विमानं मुख्यतः गोर्की शहरातल्या कारखाना क्रमांक २१मध्ये बनली. आज त्या शहराचं नाव पुन्हा निझ्नी नोव्गोरोद आहे.

म्हणजे शिवण बुजवणं ही मॉडेलवाल्याची लपवाछपवी नाही. कारखान्यातही शिवण बुजवूनच विमान बाहेर पडायचं. असं म्हटल्यावर घासण्याचा कंटाळा थोडा कमी होतो. फार नाही.

एक्स्ट्रा थिन सिमेंट शिवणीत ओढून घेतलं आणि वितळलेलं प्लास्टिक बाहेर यावं इतपत दाबलं. वाळल्यावर आधी ४००, मग ८००, मग १२००चा पॉलिशपेपर, पाण्यासकट. धडावर किटने कोरलेल्या बऱ्याच रेघा सरळ पुट्टीने भरून टाकल्या. पत्र्याच्या झाकणांच्या तेवढ्या ठेवल्या. इथे काही मित्रांचा आक्षेप असतो: रेघा नसल्या तर मॉडेल 'बोडकं' दिसतं. दिसू दे. लाकडी धड बोडकंच असतं.

५ जुलै

पंख. किटवाल्यांनी फासळ्यांमधलं कापड असं खाली बसवलंय की दोन फासळ्यांच्या मध्ये खळगा दिसतो. सगळ्याच कंपन्या कमी-जास्त प्रमाणात असं करतात, कारण डब्यात बघणाऱ्याला 'हे कापड आहे' हे लांबून कळलं पाहिजे.

आता हिशेब करू. १/४८ला एक मिलिमीटर म्हणजे खऱ्यात ४८ मिलिमीटर. खळगा अर्धा मिलिमीटर जरी असला, तरी खऱ्या पंखावरचं कापड २४ मिलिमीटर खाली झोळलं, म्हणजे जवळजवळ एक इंच. अशा पंखाचं विमान ताशी ४४० किलोमीटरच्या आसपास जाईल? कापडावर डोप मारतात, म्हणजे सेल्युलोजचं लाखेसारखं लेपन. ते वाळताना कापड आवळत जातं. तयार पंख मृदंगाच्या पुडीसारखा ताठ असतो, बोटाने टिचकी मारली तर वाजतो. फासळीवर कापड शिवून वरून पट्टी चिकटवलेली असते, तिचा उंचवटा दिसतो. मधला झोळ दिसला तर अगदी नावापुरता.

उपाय: खळग्यांत पातळ केलेल्या पुट्टीचे दोन थर, मग मऊ स्पंजच्या सँडिंग पॅडने फासळ्यांच्या दिशेने घासणं, फासळ्यांचा माथा जरा खाली येईपर्यंत. नखाने चाचपलं तर उंचवटा लागावा, पण तिरप्या उजेडात धरल्याशिवाय डोळ्याला दिसू नये. पुढच्या कडेच्या पत्र्यावर मात्र रेघा आणि रिव्हेट ठेवले. तिथे ते खरेच होते.

रविवारचा सगळा दिवस एका बाजूच्या पंखात गेला. दुसरा आठवडाभर संध्याकाळी.

१३ जुलै

इंजिन. एम-२५व्ही, नऊ सिलिंडरचं, वर्तुळाकार. मूळ अमेरिकेच्या राइट सायक्लोनचं परवाना घेऊन केलेलं सोव्हिएत रूप. गडद राखाडी, फिन्सवर (सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पातळ कडांवर) फिकट ड्राय ब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग, पुशरॉड (झडपा हलवणारे दांडे) काळे. काउलिंगच्या पुढच्या तबकडीवर हवेसाठी भोकं आहेत आणि ती हिवाळ्यात झडपांनी झाकता यायची. किटमध्ये अर्धवट उघडी आहेत. त्यातून इंजिनाचा जेमतेम तुकडा दिसतो, म्हणून इंधननळ्या वगैरे जोडत बसलो नाही.

२० जुलै

प्रायमर. हवेतला दमटपणा असा की लॅकर मारला तर वाळताना दूध सांडल्यासारखी पांढरी झाक येते. पातळक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी तिथेच धरलं जातं. कोकणात राहणारे मित्र जून ते सप्टेंबर लॅकरला हात लावत नाहीत. नाशिक त्या मानाने बरं, पण यंदा पाऊस हटायला तयार नाही.

लॅकर कपाटात. टामिया कंपनीचे अ‍ॅक्रिलिक रंग वापरणार, त्यांच्याच एक्स-२०ए पातळकात, पातळ थरांनी आणि दोन थरांमध्ये भरपूर वेळ देऊन. रंग फवारण्याच्या कॉम्प्रेसरच्या ओलावा-सापळ्यात पाणी जमतं, ते दर थोड्या वेळाने सोडायचं. प्रायमर मारण्याआधी खोलीचं दार लावून तासभर एसी लावला, आर्द्रता उतरते. घरातलं मत: मुलांना अभ्यासाला एसी नाही आणि विमानाला आहे.

प्रायमरखाली शिवण दिसली नाही. डाव्या पंखाच्या टोकाला एक बारीक खाच निघाली, ती भरली.

२ ऑगस्ट

रंग कुठला, हा या विमानाचा कायमचा वाद. वर हिरवा, खाली फिकट निळा, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. मग हिरवा किती पिवळट, किती काळपट, निळा किती राखाडी, यावर माणसं बोलायची थांबतात.

अडचण खरी आहे. त्या काळातले बहुतेक फोटो कृष्णधवल, आणि फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असेल तर लाल रंग जवळजवळ काळा उतरतो आणि निळा पांढुरका. फोटोवरून छटा ठरवणं म्हणजे अंदाजच. आज उडणाऱ्या आय-१६चे रंगीत फोटो मुबलक आहेत, त्यांचाही भरवसा जपूनच ठेवावा लागतो. १९९०च्या दशकात न्यूझीलंडच्या टिम वॉलिस यांनी जुन्या अवशेषांवरून नोवोसिबिर्स्कमध्ये सहा आय-१६ नव्याने उभी करून घेतली. त्यांतलं एक आज माद्रिदजवळच्या क्वात्रो व्हिएन्तोस विमानतळावर स्पॅनिश प्रजासत्ताकाच्या रंगांत आहे. देखणी आहेत, आकारासाठी उत्तम. पण रंग आजचे आणि इंजिनं नंतरच्या पिढीची. मी त्यांच्याकडून पंख-धडाच्या सांध्याचं वळण घेतलं, हिरवा रंग नाही.

माझं मिश्रण, टामियाच्या क्रमांकांनी: एक्सएफ-५ सपाट हिरवा सहा भाग, एक्सएफ-३ पिवळा एक भाग, वर पांढऱ्याचे दोन-तीन थेंब. छोट्या मॉडेलवर गडद रंग आणखी गडद भासतो, म्हणून पांढरा. खालून एक्सएफ-२३ निळा, त्यातही थोडा पांढरा. 'अचूक' असा दावा नाही. टेबलावर ठेवल्यावर उन्हात मुरलेल्या नायट्रो रंगासारखं दिसतं, आणि मला तेवढं हवं होतं.

१० ऑगस्ट

आता स्पेन, कारण हे विमान तिथलं करायचंय.

स्पॅनिश यादवीत सोव्हिएत संघाने प्रजासत्ताकाला मदत पाठवली, त्यात १९३६च्या शरद ऋतूत आय-१६ होती. नोव्हेंबरमध्ये ती माद्रिदवर लढत होती. समोर जर्मन हाइन्केल ५१ आणि इटालियन फियाट सीआर.३२, दोन्ही दुपंखी. वेगात आय-१६ सरस. प्रजासत्ताकाचे लोक तिला मोस्का म्हणजे माशी म्हणायचे, प्रजासत्ताकाविरुद्ध लढणाऱ्या फ्रँकोचे लोक राता म्हणजे उंदीर. पुढे जर्मन मेसरश्मिट १०९ आलं आणि पारडं फिरू लागलं. प्रकार १० हा त्या शर्यतीतलाच: प्रकार ५ला दोनच मशिनगन होत्या, याला चार, सगळ्या ७.६२ मिलिमीटरच्या श्कास, मिनिटाला १८०० गोळ्यांपर्यंत जाणाऱ्या. पुढे सरकणारं बंद छत्रही गेलं, वैमानिकांना ते कधी आवडलं नव्हतं. त्याच्या जागी साधी पुढची काच.

सुरुवातीला उडवणारे सोव्हिएत होते. मग स्पॅनिश तरुणांना शिकायला किरोवाबादला पाठवलं, म्हणजे आजच्या अझरबैजानमधलं गांजा. तिथून परतलेल्यांनी पुढे मोस्काच्या तुकड्या चालवल्या. तिसऱ्या तुकडीचं चिन्ह डॉमिनोची सहा-सहा ठिपक्यांची सोंगटी, चौथीचं पॉपाय. अमेरिकन चित्रपट्टीतला पालक खाणारा खलाशी सोव्हिएत विमानाच्या शेपटीवर, स्पेनच्या आकाशात. मी चौथी निवडली, आणि कारण अर्थातच पॉपाय.

प्रजासत्ताकाची ओळख म्हणजे धडाभोवती आणि पंखांवर रुंद लाल पट्टे, आणि रडर लाल-पिवळा-जांभळा. डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) दिलेत, पण लाल पट्टे रंगवायचं ठरवलं. फासळ्यांच्या उंचवट्यावर एवढं मोठं डिकल बसवणं जिकिरीचं. क्रम उलटा: आधी त्या जागी पांढरा, त्यावर लाल एक्सएफ-७, मग टेपने झाकून बाकीचं निळं आणि हिरवं. लालवर हिरवा चढतो. हिरव्यावर लाल चढवायला गेलं की मातकट होतो.

रडरचा जांभळा मिसळून केला. मुलगी बघून म्हणाली, "बाबा, हा तर वांग्याचा रंग आहे." तिला दुसरा नमुना करायला बसवलं, आणि तोच वापरला.

२३ ऑगस्ट

एक्स-२२ ग्लॉसचे दोन थर, मग डिकल. पॉपाय, आकडे. पॉपायचा पाइप नखाएवढाही नाही, पण छपाई स्वच्छ. सॉफ्टनर (डिकल मऊ करणारा द्रव) लावल्यावर डिकल आधी सुरकुततं आणि मग आपोआप बसतं. त्या अवस्थेत हात लावायचा नाही.

उद्यापासून गणपतीची तयारी, टेबल मखराच्या सामानाला लागणार. अनंत चतुर्दशीनंतर भेटू.

१४ सप्टेंबर

जीर्णपणा आणण्याचं काम, म्हणजे या सगळ्या खटाटोपाचं मूळ.

पत्रा: काउलिंगच्या पुढच्या कडेला, झाकणांच्या स्क्रूंजवळ, पंखाच्या पुढच्या कडेला आणि वैमानिक पाय ठेवून चढतो तिथल्या सांध्याच्या आवरणावर स्पंजने चांदीचे बारीक ठिपके. बाकी कुठेही नाही.

लाकूड: रंग उडाला तर खाली दिसणार लुकण आणि कापड, फार झालं तर पिवळट लाकूड. कॉकपिटच्या छोट्या दाराजवळ, जिथे कोपर आणि बूट घासतात, तिथे फिकट तपकिरीचे दोन-तीन ओरखडे. धडाच्या बाकी भागावर तेलरंगाचे ठिपके ओल्या ब्रशने खाली ओढले, हिरव्यात थोडी पिवळी-तपकिरी ओढ आली. पॅनेल लाइन नाहीत तर वॉश (रेघांत भरायचा पातळ गडद रंग) कुठे भरणार, हा प्रश्न मला आला होता. उत्तर असं की वॉशची गरजच नाही. लाकडी धड जुनं दिसतं ते रंगाच्या डागाळण्यातून, रेघांतून नव्हे.

कापड: ओरखडा शून्य. कापडावरचा रंग सोलवटत नाही, फिकटतो आणि मळतो. फासळ्यांच्या पट्ट्यांवर मूळ हिरव्यात पांढरा मिसळून अगदी पातळ फवारा, फासळ्यांच्या मध्ये तोच रंग किंचित गडद.

मग एक्झॉस्टची काजळी. आखूड नळ्या काउलिंगच्या कडेने बाहेर येतात, तिथून मागे काळपट-तपकिरी पट्टे. पोटावर तेलाचे ओघळ. स्पेनमधली धूळ म्हणून चाकांना आणि पोटाला फिकट मातीच्या रंगाची पावडर. वरून मॅट वार्निश.

२६ सप्टेंबर

आज चंदीगडला हवाईदलाने मिग-२१ निवृत्त केलं. १९६३ साली पहिली तुकडी तिथेच उभी राहिली होती. शेजारचे काका ओझरला एचएएल या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत होते, मिग-२१च्या जोडणीत. टीव्हीवरचा समारंभ बघून आमच्याकडे आले आणि टेबलावरचं आय-१६ न्याहाळत उभे राहिले.

"हे कुठलं रे?"

"काका, तुमच्या मिगचं मूळ घर म्हणता येईल."

थट्टा नव्हती. आय-१६चा आरेखक पोलिकार्पोव्ह, त्याला १९२९मध्ये अटक झाली, आणि तुरुंगातल्या आरेखन कार्यालयात बसून त्याने दिमित्री ग्रिगोरोविचबरोबर आय-५ हे दुपंखी लढाऊ विमान केलं. सुटला, आय-१६ केलं, काही वर्षं सोव्हिएत लढाऊ विमानं म्हणजे पोलिकार्पोव्ह असंच समीकरण होतं. मग डिसेंबर १९३८मध्ये त्याच्या नव्या आय-१८०ची चाचणी घेताना च्कालोव्ह ठार झाला. वर्षभरात, पोलिकार्पोव्ह जर्मनीच्या दौऱ्यावर असताना, त्याच्या कार्यालयातली माणसं आणि एका उंचावरच्या लढाऊ विमानाचा आराखडा घेऊन नवा विभाग स्थापन झाला. प्रमुख आर्त्योम मिकोयान, सोबत मिखाइल गुरेविच. तो आराखडा एप्रिल १९४०मध्ये उडाला आणि मिग-१ झाला. पोलिकार्पोव्ह १९४४मध्ये गेला. त्याच्या नावाचं एकही लढाऊ विमान पुढच्या पिढीत आलं नाही.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा वर करून पंखाच्या कडेला डोळा लावला. "इथे रिव्हेट आहेत, अंगावर का नाहीत?"

"अंग लाकडाचं आहे."

"मग बरोबर," म्हणाले. आयुष्य रिव्हेट मोजण्यात घालवलेल्या माणसाचा शेरा असल्याने मी तो नोंदवून ठेवतो.

५ ऑक्टोबर

शेवटचे भाग. चाकं, दारं, शेपटीखाली जमिनीवर घासत जाणारी पट्टी. चाक नाही, कारण प्रकार १०ला शेपटीला चाक नव्हतं. नंतरच्या प्रकार २४ला होतं, आणि दोन्हींचे भाग एकाच डब्यात असतील तर इथे हमखास घोळ होतो, म्हणून लिहून ठेवतोय. प्रॉपेलर दोन पात्यांचा, धातूचा, मागची बाजू काळी, म्हणजे वैमानिकाच्या डोळ्यांत चकाकी जाऊ नये. हबच्या (पाती जिथे जुळतात त्या मधल्या भागाच्या) टोकाला दातेरी खोबण आहे. पुढे ट्रक उभा करून त्याचा फिरता दांडा तिथे अडकवायचा आणि इंजिन चालू करायचं, अशी सोय. खोबणीच्या दात्यांना थोडी चांदी. ट्रकचा दांडा रोज घासायचा, तिथे रंग टिकणारच नाही.

पुढची काच पांढऱ्या सरसाने चिकटवली, सिमेंटने काच धुरकटते.

अँटेनाची तार लावायची नाही. स्पेनमधल्या बहुतेक मोस्कांमध्ये रेडिओच नव्हता. वैमानिक पंख हलवून एकमेकांना खुणा करायचे. ताणलेल्या स्प्रूची बारीक तार आधीच तयार करून ठेवली होती, ती पुढच्या किटसाठी डबीत गेली. पुढचं किट आय-१५३ आहे. दुपंखी, पण चाकं आत घेणारं, आणि त्याच्या दोन पंखांमध्ये तारा पुष्कळ.